लाइटमामींनी नाकारलेला कॅमेरा

लाइटमामी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या सावलीकडे. दारात कोण आलंय हे त्या मान वर न करता सांगायच्या. मामा-मामी हे पंचवटीतलं आमच्या शेजारचं जोडपं लग्नाचं शूटिंग करायचं. मामा कॅमेरा धरायचे आणि मामी त्यांच्या बाजूला हॅलोजनचा लाइट घेऊन उभ्या असायच्या. मामा गेले तसा मामींनी लाइट माळ्यावर टाकला. "ज्यांना उजेड दाखवायचा तेच नाय," एवढंच म्हणाल्या.

मी नोकरी सोडून लग्न-कीर्तनांच्या शूटिंगच्या धंद्यात पडायचं ठरवलं, तेव्हा घरात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. मोबाइल असताना कॅमेरा कशाला, हा वडिलांचा प्रश्न. "मोबाइल तापून बंद पडला, तर कीर्तनकार थांबणार हाय का?" मामींनी त्यांना विचारलं आणि चपला घालून माझ्याबरोबर निघाल्या. वाटेत म्हणाल्या, "पहिला कॅमेरा भारीतला नको. हाताला पेलंल असा पाहिजे."

दुकानदाराने काउंटरवर तीन कॅमकॉर्डर मांडले आणि माहिती सांगू लागला. मामींनी ती ऐकलीच नाही. एकेक कॅमेरा मला डोळ्याच्या उंचीवर धरून उभं राहायला लावलं. "हात दमला की चित्रबी दमतं." मग कानाला हेडफोन लावून दुकानदाराला पार कोपऱ्यात पाठवलं आणि हळू आवाजात बोलायला सांगितलं. "चित्र हललं तर लोक चालवून घेतात. पण माणूस गेल्यावर आवाज शोधत बसतात." शेवटी म्हणाल्या, "आता अंधार करा."

शटर अर्धं खाली आलं, दिवे गेले. मामी मागच्या रिकाम्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. माझ्या हातातल्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर त्यांच्या चेहऱ्याभोवती चौकोन आला. चेहरा ओळखला की कॅमेरा असा चौकोन काढतो आणि तिथे फोकस धरतो. पाठोपाठ दुसरा चौकोन आला. त्यांच्या डाव्या अंगाला, थोडा वर. तिथे नुसती भिंत होती. मामी बाजूला सरकल्या, तर तोही त्यांच्याबरोबर सरकला.

"अंधारात चुकतं कधीकधी, ताई," दुकानदार म्हणाला. "भिंतीवरच्या डागालाही चेहरा समजतो हा."

"किती उंचीवर हाय?" मामींनी मला विचारलं. मी हाताने दाखवलं. त्यांनी त्या जागेकडे पाहिलं नाही. फक्त पदर सारखा केला.

"हा तुला नको," त्या म्हणाल्या. "तू कामाला निघालीस. समोर असतील तेवढीच माणसं दिसली पाहिजेत."

मी त्यांच्या पसंतीचा दुसरा घेतला. पुढच्या आठवड्यात दिवेलागणीला त्यांच्याकडे गेले, तर तो नाकारलेला कॅमेरा खोलीच्या मधोमध स्टँडवर होता. स्क्रीन त्यांच्याकडे वळवलेली. मामी कॉटच्या एका कडेला बसल्या होत्या आणि स्क्रीनवर दोन चौकोन होते.

"रेकॉर्ड करता का, मामी?"

"नाय. दिसतं तेवढं बास."

कॉटवर भरपूर जागा होती, पण मी खाली सतरंजीवर बसले.

असे कितीतरी महिने गेले. मग एकदा त्यांनीच बोलावून घेतलं. "आता येत नाय," म्हणाल्या. मी सेटिंग तपासलं, लेन्स पुसली आणि त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर चौकोन लगेच आला. पलीकडच्या रिकाम्या जागेवर आला नाही. मामींच्या चेहऱ्यावरही आला नाही. मी कॅमेरा पुढे घेतला, खिडकी उघडली, त्यांना सरळ बघायला सांगितलं. स्क्रीनवर त्या स्पष्ट दिसत होत्या, पण कॅमेरा त्यांना माणूस धरायला तयार नव्हता.

"लाइट कमी पडतोय, मामी."

"लाइट कमी नाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "तेवढं मला कळतं."

नंतर लवकरच त्यांनी कॅमेरा मिळेल त्या किमतीला दुकानात परत दिला आणि त्या देवळ्याला लेकीकडे जायला निघाल्या. मी एसटी स्टँडवर सोडायला गेले. एसटीच्या खिडकीतून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी दुकानात घाबरलीस ना?"

"हो."

"मी नाय घाबरले. त्यांच्या बाजूला उभं राहायची मला सवय हाय." एवढं बोलून त्यांनी काच ओढून घेतली.

थंडी पडायच्या आत त्यांच्या लेकीचा फोन आला. मामी झोपेतच गेल्या होत्या. दिवसकार्य झाल्यावर तिने पुन्हा फोन केला. "ताई, आईचा एखादा व्हिडिओ असेल का तुमच्याकडे?"

जिने अख्ख्या पंचवटीची लग्नं उजळली, ती एकाही चित्रात नव्हती. मी सगळी मेमरी कार्डं चाळली. शेवटी कॅमेरा घेतला त्या दिवशीचं पहिलं रेकॉर्डिंग सापडलं. आमचं अंगण, वाळत घातलेले कपडे, कुंड्यांना पाणी घालणारे पाठमोरे वडील. मामी त्यातही नव्हत्या. माझ्या कानाशी त्यांचा आवाज मात्र होता: "घाई नको करू. थांब जरा. माणूस आपोआप समोर येतं."

मी ते फोनजवळ धरून ऐकवलं.

"परत लावा," ती म्हणाली.