अकरा नंबरचा शिक्का

बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. अकरा नंबर म्हणतात. तिथल्या प्रत्येक फिटरला एक नंबर असतो. ब्रेकचं काम झालं की तो पत्र्याच्या बिल्ल्यावर ठोकायचा आणि बिल्ला चाकाजवळ अडकवायचा. बिल्ला नसेल तर गाडी डेपोबाहेर सोडत नाहीत. उद्या गाडी थांबली नाही, तर कुणाची मान धरायची ते त्यावरून कळतं.

ब्रेकच्या कामाला एक बाई होती. कागदावर हेल्पर, सहा वर्षं. हेल्परला नंबर नाही. काम ती करायची, शिक्का पुरुष ठोकायचे, चहाला जाता जाता. ही चोरी आहे हे सहा वर्षांत एकालाही सुचलं नाही. सुचलं नाही कसलं, सोयीचं होतं. बढती त्यांची, वाहवा त्यांची, आणि वर तिलाच ऐकवायचे, "तुला एवढं शिकवलं कुणी? आम्हीच ना?"

अकरा नंबर इथे बदलून आला आणि त्यानेही तेच केलं. तीन महिने. मग एका सकाळी मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "अकराचे ब्रेक बघा. एक तक्रार नाही." ती तिथेच उभी होती, हाताचं ग्रीस पुसत. तिने वरही बघितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने तिच्या कामावर शिक्का मारणं बंद केलं.

डेपोच्या ऑफिसात माझ्या कानावर आलं ते असं, की हा बाईचं काम नापास करतोय. गेटवर गाठून मी त्याला चांगलंच झापलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आत चला. झापायचा माणूस आत आहे."

आत चार गाड्या बिल्ल्यावाचून उभ्या. ती रडकुंडीला आलेली.

"काका, ठोका की हो. तुमचं काय जातं? माझी नोकरी जाईल."

"काम माझं नाही, ताई. तुझं आहे."

मॅनेजर आला. "अकरा, नाटकं पुरे. ठोक."

"हिला नंबर द्या साहेब, ती ठोकेल."

"ती हेल्पर आहे."

"मग सहा वर्षं हेल्परच्या ब्रेकवर माणसं बसवलीत तुम्ही. तेवढं लिहून द्या, लगेच ठोकतो."

मॅनेजर लाल झाला. हिला उद्यापासून आत घ्यायचं नाही, म्हणाला, आणि दुसऱ्या फिटरला हुकूम सोडला, "तू तपास आणि तूच ठोक." त्या फिटरने चाक उतरवलं, अर्धा तास आत डोकं घातलं.

"चूक काही नाही."

"मग ठोक."

फिटरने हातोडी खाली ठेवली. "मी नुसतं बघितलंय, साहेब."

त्या संध्याकाळी स्टॉपवर लोकांनी बोंब मारली, वरून फोन आले. तिसऱ्या दिवशी तिची परीक्षा घ्यावी लागली. पास झाली. नंबर मिळाला, एकोणतीस.

इथे गप्प बसले असते तर ठीक. पुढच्या महिन्यात डेपोने सत्कार ठेवला. कुणाचा? अकरा नंबरचा. फलकावर लिहिलेलं, 'महिलांच्या पाठीशी उभा राहणारा आदर्श सहकारी'. आणि एकोणतीस नंबर कुठे? पाहुण्यांना पाणी देत होती. माझं डोकंच फिरलं.

तो पहिल्या रांगेतून उठून माइकजवळ गेला. "मी खोटा शिक्का मारायचं थांबवलं, एवढंच. तेही तीन महिने मारून झाल्यावर. याचा सत्कार होत असेल तर आपल्या सगळ्यांची लाज आहे. हिच्या कामावर ज्यांनी ज्यांनी ठोकलं, त्यांनी हात वर करा." आणि आधी स्वतःचा हात वर केला.

मागून त्या हातोडी ठेवणाऱ्या फिटरचा हात वर आला. तिने पाण्याचा ट्रे मॅनेजरच्या टेबलावर ठेवला आणि अकरा नंबरच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली.

ठोकणारे बाकीचे नऊजण स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. त्यांचे नंबर मला पाठ आहेत.