नीट न दिसणारं हृदय

सविता दामले बँकेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी छातीत धडधड सुरू झाली. इको काढला, तर पडद्यावर नुसतं धुकं. काहींच्या छातीतून हृदय नीट दिसतच नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग आणखी तपासण्या, महिनाभर जिवाला घोर, आणि शेवटी निघालं काहीच नाही.

त्याच रुग्णालयातल्या संशोधक डॉक्टर लिमबाईंनी पुढे त्यांना विचारलं, "आमच्या अभ्यासात याल का? शिरेतून अगदी बारीक बुडबुडे सोडतो. ते हृदयात पोचले की सोनोग्राफीत उजळतात, आतली कड स्पष्ट दिसते. पण लवकर फुटतात. आम्ही केलेले नवे जास्त टिकतात का, ते बघायचंय. त्यासाठी तुमच्यासारखीच माणसं हवीत."

पासिर रिस या उपनगरातल्या घरी त्यांच्या नवऱ्याने, निशिकांतरावांनी, हे ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"शिरेत हवा? वेड लागलंय का तुला?"

"हवा नाही हो. वेगळा वायू, पातळ कवचात कोंडलेला. थोड्या वेळात श्वासातून निघून जातो."

"पण गरज काय? तुला काही झालेलं नाही."

"तो महिना आठवतो ना? पहिल्याच दिवशी दिसलं असतं तर?"

निशिकांतरावांनी कप उचलून चहा संपवला. तपासणीच्या दोन्ही खेपांना ते सोबत आले.

एकदा जुने बुडबुडे, एकदा नवे. कधी कोणते, हे लिमबाईंनाही माहीत नव्हतं. पहिल्या खेपेला चित्र उजळलं आणि लगेच विझत गेलं. दुसऱ्या खेपेला सविताताई बघतच राहिल्या. हृदयाचा डावा कप्पा दुधाने भरल्यासारखा पांढरा झाला होता. आकसत होता, फुलत होता. जन्मभर आत चाललेलं हे काम त्या पहिल्यांदा पाहत होत्या.

"नवे हेच," बाहेर येऊन त्यांनी नवऱ्याला ठामपणे सांगितलं.

वर्षाअखेरीस निकाल कळला. नवे बुडबुडे बहुतेकांत जास्त टिकले होते. सविताताईंचं ते स्वच्छ चित्र मात्र जुन्यांचं होतं. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझा काही उपयोग झाला नाही."

"असं कसं?" लिमबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखे आणखी काहीजण निघालेत. नवे तुमच्यात इतक्या लवकर का फुटले, ते शोधतोय. कवच बदलून पुन्हा बघणार आहोत. याल?"

सविताताईंनी निशिकांतरावांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" ते म्हणाले. "फक्त सकाळची वेळ मागून घे. नंतर हॉकर सेंटरच्या खाऊ-ठेल्यांवर डोसा खाऊन घरी जाऊ."