थोरल्यांची बदली

आईला बेसबॉलचं वेड कुणी लावलं असं कुणी विचारलं की मी माझ्या मुलीकडे बोट दाखवायचे. खरं म्हणजे ते मीच लावलं, तिला घरात डांबून. दोन हजार सहाच्या एप्रिलात तिला नागपूरहून अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला आणलं आणि लगेचच्या सोमवारपासून मी आणि नवरा आपापल्या ऑफिसला चालू पडलो. तिला गाडी येत नव्हती, आणि पायी जावं तर आमच्या सबडिव्हिजनचा, म्हणजे कॉलनीचा, फुटपाथ कोपऱ्यावर जाऊन संपायचा. दुपारी शाळेची बस माझ्या आठ वर्षांच्या मुलीला सोडायची आणि मग टीव्हीपुढे त्या दोघींचं राज्य असायचं.

बाबांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. "आई तिकडे एकटी कशी राहील?" असं मी आणि माझा धाकटा भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. आई नसेल तर आमचं कसं चालेल, हे मात्र आम्ही एकमेकांजवळसुद्धा बोललो नाही.

खेळाडूंची नावं आईच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिने सगळ्यांचं नव्याने बारसं केलं. फलंदाजाच्या मागे तोंडाला जाळी लावून बसणारा तो उकिडवा. चेंडू टाकण्याआधी दहादा टोपी सारखी करणारा तो नवरदेव. आणि एक पोट सुटलेला, पस्तिशी ओलांडलेला राखीव खेळाडू होता, ते थोरले. थोरले बहुतेक वेळा बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळत असायचे. अगदी अडीनडीला त्यांना मैदानात पाठवायचे आणि आई तेवढ्यापुरती सोफ्यावरून पुढे सरकायची.

मुलीकडे या खेळाडूंची कार्डं होती. पुढे फोटो, मागे अख्खी नोकरी: कुठल्या वर्षी कुठल्या गावच्या संघात. आईला खेळापेक्षा त्या मागच्या बाजूचीच गोडी जास्त. चष्मा कपाळावर ढकलून, कार्ड नाकाजवळ धरून ती वाचायची.

"बापा, किती गावं ही! याच्या बायकोने दरवेळी स्वयंपाकघर कसं लावलं असेल गं?"

बाबांची नोकरी बदलीची होती. वर्धा, चंद्रपूर, गोंदिया, परत चंद्रपूर. दर बदलीला आई लोणच्याच्या बरण्या जुन्या साड्यांत गुंडाळायची, आणि मी नव्या शाळेत मागच्या बाकावर बसून रडायचे. रिटायर झाल्यावर बाबांनी नागपुरात दोन खोल्या आणि पुढे अंगण असं घर बांधलं. वास्तुशांतीच्या दिवशी आई म्हणाली होती, "आता मला इथून कोणी हलवायचं नाही." आम्ही सगळे हसलो होतो. मीही हसले होते, हे मला नीट आठवतं.

थोरल्यांच्या कार्डावरही बरीच गावं होती, पण शेवटच्या ओळींत डेट्रॉइट, डेट्रॉइट, डेट्रॉइट. तीन वर्षांपूर्वी हा संघ इतके सामने हरला होता की ऑफिसात लोक त्याच्यावर विनोद करायचे. थोरले तेव्हाही होते. त्या उन्हाळ्यात मात्र संघाला असे काही दिवस आले की माझा एरवी न हसणारा मॅनेजरसुद्धा संघाची टोपी घालून मीटिंगला यायचा. आई म्हणायची, "पडत्या काळात जो टिकला, त्याला आता चार घास सुखाचे मिळू द्या."

तिकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला भावाच्या बायकोला दिवस गेलेले. आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत तेव्हा हाच शिरस्ता होता. नातवंडं सांभाळायला सासूबाई ऑक्टोबरपर्यंत, मग माहेरची मम्मी, मग परत सासूबाई. विमानतळावर पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का मिळायचा, आणि त्या सहा महिन्यांची वाटणी आम्ही मुलं करायचो. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला तर त्या वाटणीत मी फार समजूतदार आहे असंच वाटायचं.

जुलैतल्या एका रविवारी भावाचा फोन आला.

"ताई, ड्यू डेट ऑगस्ट एंडची आहे. आईला आता पाठव."

"अरे, इथे शाळा सप्टेंबरात, लेबर डेनंतर सुरू होते. अख्खा ऑगस्ट मी काय करू?"

"समर कॅम्पला टाक ना यार. तुझी मोठी आहे, आमचं तर न्यूबॉर्न असणार."

"निदान ऑगस्टचा पहिला आठवडा तरी मला दे."

"डन. तिकीट मी बुक करतो."

आई शेजारच्या खोलीत होती. मॅच चालू होती, आजी-नात दोघी शेंगा सोलत बसल्या होत्या. आवाज दिला असता तर ऐकू गेला असता. मी फोन ठेवला, संध्याकाळी तिकिटाचा प्रिंट काढला आणि फ्रिजवर मॅग्नेटखाली लावला. तिला ते तिथे, दूध काढताना कळलं. "विंडो सीट आहे वाटतं," एवढंच ती म्हणाली.

त्याच आठवड्यात थोरल्यांची बदली झाली. जुलै संपेपर्यंत संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. आमच्या संघाला एक तरणाबांड गोलंदाज हवा होता, त्याच्या बदल्यात थोरले कॅलिफोर्नियाला. तेही फ्रीमाँटपासून अर्ध्या तासावरच्या संघात. मुलगी रडवेली होऊन सांगायला आली. मी पोळ्या लाटत होते, आई भाजत होती.

"त्यांना विचारलं असेल ना कुणी आधी?" आई म्हणाली.

"नो, आजी. दे जस्ट टेल हिम."

"काहून? माणूस आहे ना तो?"

मी हसून म्हटलं, "अगं आई, ते प्रोफेशनल असतात. कॉन्ट्रॅक्टच तसं असतं. सवय असते त्यांना."

"आणि ते काही बोलले नाहीत?"

मुलीने टीव्हीवर ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं, "ही सेड ही इज हॅपी टू हेल्प हिज न्यू टीम."

मी आईला मराठीत सांगितलं, "नव्या टीमला मदत करायला आनंदच होईल, म्हणाले."

आईने तव्यावरची पोळी उलटली. "तसंच म्हणतात," ती म्हणाली.

मी काही मठ्ठ नाही, मला त्याच क्षणी कळलं. फ्रिज समोरच होता, त्यावर तिकीटही होतं. "आई, तुला काय हवंय?" एवढे चार शब्द बोलायचे होते. मी बोलले नाही, कारण तिचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते आम्हा दोघा भावंडांच्याही सोयीचं नव्हतं. मी पुढची पोळी लाटायला घेतली आणि मुलीला ताटं मांडायला सांगितली.

डेट्रॉइटच्या विमानतळावर आई व्हीलचेअरमध्ये बसली. तिला चालता येत होतं, पण व्हीलचेअर मागितली की सोबत माणूस मिळतो, इंग्रजीचा प्रश्न मिटतो. सगळ्यांच्या आया अशाच जायच्या. मुलीने तिच्या हातात थोरल्यांचं कार्ड दिलं. आई म्हणाली, "चला, आमची दोघांची एकाच गावी बदली झाली." मुलगी हसली. मला हसता आलं नाही आणि रडायचा हक्कही आपल्याला नाही असं वाटलं.

भावाला मुलगा झाला. आई रोज फोनवर बाळाचं कौतुक सांगायची, शेक, डिंकाचे लाडू, अंगाईपर्यंत सगळं सांगायची, स्वतःचं काही सांगायची नाही. ऑक्टोबरात तिचे सहा महिने भरत आले, आणि नेमकं तेव्हाच थोरल्यांचे जुने-नवे दोन्ही संघ समोरासमोर आले. जो जिंकेल तो अंतिम फेरीत. आम्ही मायलेकी नोव्हायला, आई फ्रीमाँटला, एकच मॅच बघत होतो. बाहेर कडाक्याची थंडी, आणि डेट्रॉइटच्या मैदानात माणसं ब्लँकेटं पांघरून बसलेली.

उशिरा कधीतरी थोरल्यांना खेळायला पाठवलं, परक्या संघाच्या कपड्यांत. आणि सगळं मैदान उभं राहिलं. ज्यांच्या संघाला हरवायला ते आले होते तीच माणसं टाळ्या वाजवत होती. थोरल्यांनी टोपी काढली आणि क्षणभर खाली बघितलं. मग ते झटपट बाद होऊन बाकावर जाऊन बसले.

मी आईला फोन लावला. "बघितलंस?"

"बघितलं." ती म्हणाली. "उभे राहिले गं सगळे. पाठवताना कुणी विचारलं नाही, पण विसरले नाहीत."

त्या आठवड्यात भावाने मला एक काम दिलं होतं. त्याच्या बायकोची रजा संपत होती, डेकेअरला नंबर लागत नव्हता. आईचा मुक्काम सहा महिने वाढवायचा अर्ज तो करणार होता. "तू समजाव ना तिला, ताई. तुझं ऐकते." मी त्याला हो म्हटलं होतं. पण त्या टाळ्या कानात होत्या, आणि पोळ्यांच्या त्या संध्याकाळी विचारायचं राहिलेलं तोंडातून निघून गेलं.

"आई, तुला कुठे राहायचंय?"

पलीकडे बाळ कुरकुरलं. आईने त्याला थोपटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "घरी."

कुठलं घर, ते तिने सांगितलं नाही आणि मलाही विचारावं लागलं नाही. मग तीच पुढे म्हणाली, "पण तुमचं काय ठरतंय ते सांगा. मी राहीन." जणू अवघड प्रश्न तिनेच मला घातला होता आणि तिनेच मला सोडवलं.

दहा मिनिटांत भावाचा मेसेज आला, "बोललीस का?" त्याचं बाळ दीड महिन्याचं होतं. त्याच्या बायकोला झोप नव्हती. माझ्याकडे पुढच्या उन्हाळ्याचाही विचार होताच, आई एप्रिलपर्यंत अमेरिकेत असली तर मुदत आणखी वाढवून तिला माझ्याकडे आणणं सोपं होतं. मी त्याला फोन केला.

"बोलले," मी म्हटलं. "तुम्हाला मदत करायला आनंदच आहे, म्हणाली."

"मला माहीतच होतं," भाऊ म्हणाला, आणि त्याने अर्ज पाठवून दिला.