सुजाताचे दिवस

हे मी सुजाताला सांगितलेलं नाही. इथे कुवेतमध्ये, मंगफला माझ्या खोलीला लागून राहणाऱ्या मित्राला नाही, देवापुढे बसूनही नाही. देवापुढे मी हल्ली फार वेळ बसतच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असता तर म्हणाला असता, छे, तो माणूस कागदात कधी चुकत नाही!

खरंच चुकत नाही. तेलाच्या प्लांटवर प्रेशरची मीटरं तपासायचं माझं काम. काटा एक रेघ जरी हलला तरी मला झोप लागत नाही. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपत आला, बायकोचा व्हिजिट व्हिसा काढायचाय, मुलाच्या दाखल्यावर शिक्के हवेत — की आमच्या बिल्डिंगमधले कोकणातले सगळे जण फाइल घेऊन माझ्याच दारात. मला ते आवडतं. उगाच साधेपणाचा आव कशाला आणू?

सुजाता, माझी बायको, लेकीला घेऊन कॅनडात गेली. आधी स्वतः तिथे शिकली, मग वृद्धांच्या एका निवासात नोकरीला लागली, मग तिला कायमचं राहण्याचं कार्ड मिळालं. मी इथेच राहिलो. घर माझ्या इथल्या पगारावर उभं होतं, आणि पन्नाशीच्या माणसाला तिकडे कोण विचारतो? वर्षाकाठी दोन-तीन आठवडे भेट. बाकी फोन, व्हिडिओवर. शुक्रवारी सुट्टी असते तेव्हा दुपारी मी फिंतासच्या किनाऱ्यावर जाऊन बसायचो आणि तिकडे तिची सकाळ व्हायची वाट बघायचो. ती केस विंचरता विंचरता बोलायची. मला तिच्या केसांचा वास आठवेनासा झाला होता — हे कुणाला सांगणार? हसतील लोक.

नागरिकत्वाच्या अर्जाचं काम अर्थातच माझ्याकडे. नियम असा, की आधीच्या पाच वर्षांतली तीन वर्षं तिथे प्रत्यक्ष राहिलेलं हवं. देशाबाहेर घालवलेला दिवस धरत नाहीत. तिच्या पासपोर्टच्या प्रत्येक पानाचा फोटो मागवून मी शिक्क्यांवरून दिवस मोजले. कुठे गेली, कधी परतली, कशासाठी — सगळ्याचा तक्ता केला. ती म्हणायची, "अहो, माझ्यापेक्षा माझे दिवस तुम्हालाच जास्त माहीत."

त्या नोव्हेंबरात तिला तीन आठवड्यांची रजा मिळत होती. ती सगळी तिला आईकडे घालवायची होती, संगमेश्वरजवळच्या गावी. सासूबाईंना पावसाळ्यापासून दम लागत होता. अंगणातून तुळशीपर्यंत जाऊन आल्या तरी ओटीवर बसायला लागायचं. मला त्या वर्षी प्लांटच्या शटडाउनमुळे, म्हणजे वार्षिक दुरुस्तीच्या कामामुळे, रजा नव्हती. म्हणजे ती गावी गेली असती, तर आमची भेट पुढच्या वर्षावर गेली असती. चौदा महिने झाले होते तिला बघून.

मी तिला म्हणालो, "दिवस पुरत नाहीत."

ती चूक होती. कार्ड मिळण्याआधी ती तिथे शिकली, तेही दिवस अर्धे का होईना, धरतात. ते मी हिशेबात घेतले नव्हते —

नाही. बघा, अजूनही लपवतोच आहे. चूक नव्हती ती. अर्ध्या दिवसांचा नियम मी आदल्याच संध्याकाळी वाचला होता. नीट, दोनदा. आकडे पुन्हा मांडले होते. तिचे दिवस पुरून दोनशेहून जास्त उरत होते. अर्ज त्याच आठवड्यात भरता आला असता, आणि ती आईकडे हवं तितकं राहू शकली असती. त्या संध्याकाळी मी आनंदाने उठून चहा टाकला, तिला फोन करायचा म्हणून. चहा उकळेपर्यंत माझा विचार फिरला. तेवढाच वेळ लागला, जास्त नाही.

मी म्हणालो, फार तर दोन आठवडे बाहेर राहता येईल. त्यात गावी जाऊन-येऊन हातात काय उरणार? त्यापेक्षा कुवेतला ये. एप्रिलअखेर अर्ज जाऊ दे, मग मे महिन्यात जा आणि तीन महिने आईजवळ राहा, कोणी दिवस मोजणार नाही. किती समंजस वाटतं ना ऐकायला? ती म्हणाली, "तुम्ही बघितलंय ना? मग झालं."

ती आली. ते दोन आठवडे फार सुखाचे गेले, आणि हेही कबूल करायला हवं, की त्या दिवसांत मला एकदाही अपराधी वाटलं नाही. मी कामावरून परतायचो तर जिन्यातच फोडणीचा वास. सालमियाच्या बाजारात जाऊन तिने आईसाठी मऊ चपला घेतल्या. संध्याकाळी ती आईला फोन लावायची आणि शेवटी फोन माझ्याकडे द्यायची. सासूबाई धापा टाकत विचारायच्या, "जावयबापू, किती दिवस ऱ्हायले ओ?" मी आकडा सांगायचो. त्या म्हणायच्या, "बरं बरं. तुमी मोजताव ना, मग मला घोर नाय."

फेब्रुवारीत त्या गेल्या.

साहेबाच्या पाया पडून मी चार दिवसांची रजा काढली आणि तिच्या आधी पोचलो. ती आली तेव्हा सगळं उरकलं होतं. ती रडली नाही. स्वयंपाकघरात गेली, तिथे भिंतीवर कॅलेंडर होतं. सासूबाईंनी नोव्हेंबरपासून रोजच्या तारखेवर पेन्सिलीने फुली मारली होती. नवं वर्ष लागल्यावर नव्या कॅलेंडरवरही. मे महिन्याच्या पानावर एका तारखेभोवती गोल काढला होता. तो दिवस मी सांगितला होता.

चौथ्या दिवशी मी निघालो, तेव्हा ती मला पाणंदीपर्यंत सोडायला आली. सुतकातली, केस मोकळे. हळूच म्हणाली, "अहो, तेरावं होईपर्यंत राहिले तर चालेल का? माझे दिवस वाया नाही ना जाणार?"

तेव्हा सांगायचं होतं. तिथेच, त्या दगडी गडग्याजवळ. तोंड उघडलंही होतं. आणि मी काय म्हणालो? "राहा तू. मी जमवतो."

तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून."

एप्रिलात मी अर्ज भरला. बाहेर घालवलेल्या प्रत्येक दिवसाचं कारण लिहावं लागतं. नोव्हेंबरपुढे लिहिलं, पतीची भेट. फेब्रुवारीपुढे, आईचं निधन. एकाखाली एक. खाली जादा दिवसांचा मोठा आकडा आला. सुजाताने न वाचताच सही केली. तिच्या माहेरी अजून सांगतात, एवढे दिवस फुकट गेले तरी जावयाने कसं निभावून नेलं कोण जाणे. पुढच्या वर्षी नागरिकत्वाच्या शपथविधीच्या दिवशी लेकीने व्हिडिओ कॉल लावला, "बाबा, यू डिड इट!" सुजाता हातात झेंडा धरून उभी होती आणि डोळे पुसत होती. मला वाटलं होतं, आता ती मोकळी झाली, तर मे-जूनमध्ये इथे येऊन राहील. ती म्हणाली, नको, कुठे जावंसंच वाटत नाही.

शुक्रवारी अजूनही फोन होतो. ती स्वयंपाकघरात बसून केस विंचरते. तिच्या मागे, फ्रिजच्या वर, सासूबाईंचं ते कॅलेंडर टांगलंय. वर्ष केव्हाच संपलं, पण पान तिने फेब्रुवारीचंच ठेवलंय. फुल्या मला इथून मोजता येतात. अकरा आहेत. ती विचारते, "जेवलात का?" मी हो म्हणतो.