धुऱ्यावरचा माणूस

त्या दिवशी आमच्या शेतात हळद शिजत होती. हळदीच्या वाफेच्या कुकरच्या आवाजात फोन वाजलेला कळलाच नाही. नंतर पाहिलं, तर तीन मिस्ड कॉल पडलेले होते आणि नंबर ओळखीचा नव्हता. परत लावला तेव्हा पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "मास्तर, मी सेनगावहून बोलून राहिले. साहेबांच्या खोलीची मालकीण. रोज सहाला उठतात साहेब, आज नऊ वाजले तरी दार उघडून न्हाई राहिले. दाराभाईरच्या भिंतीवर तुमचा लंबर लिहिलेला हाय, म्हणून तुमाला लावला." मी विचारलं, खाली नांदेडचा नंबर असेल ना, त्यांच्या घरचा? ती म्हणाली, "हाय की. पण तुमचा पयला हाय."

डोंगरकड्याहून मी सेनगावला पोहोचलो, तोवर शेजाऱ्यांनी कडी तोडली होती. दिगंबर कॉटवर एका कुशीवर निजलेला होता, हात उशाखाली घेऊन, जसा तो शाळेच्या सहलीत निजायचा. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसावा. त्याला आता सात आठवडे झाले. त्याच्याविषयी कुणी चार ओळी लिहील असं मला वाटत नाही. दिगंबर सरकारी मोजणीदार होता. शेताच्या हद्दी मोजून द्यायचा. ज्याची जमीन मोजणीत जाते तो मोजणीदाराला जन्मभर विसरत नाही, आणि ज्याला मिळते त्याला वाटतं ती आपली होतीच, यात या माणसानं काय केलं... म्हणून मीच लिहायला बसलो आहे.

आम्ही दोघं डोंगरकड्याचे, पहिलीपासून एका बाकावरचे. त्याचा हात चित्रकलेचा होता. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा त्यानं वरच्या श्रेणीत काढल्या होत्या. झाड काढायचा तर नुसतं झाड नाही, ते बाभळीचं आहे की लिंबाचं, हे लांबून ओळखू यायचं. बारावीनंतर त्याला नांदेडला चित्रकला शिक्षकाच्या अभ्यासक्रमाला जागा मिळाली, आणि त्याच महिन्यात मोजणी खात्याचं बोलावणं आलं. त्याच्या वडिलांनी जबरदस्ती केली नाही. "तुझं तू ठरव," एवढंच म्हणाले. मग तो दोन्ही कागद घेऊन माझ्याकडे आला. बस थांब्यावरच्या दगडावर आम्ही दुपारभर बसलो. मी तेव्हा डी. एड.ला लागलो होतो आणि आपल्याला जग कळतं असं मला वाटायचं. मी म्हणालो, "ड्रॉइंग मास्तरच्या जागा निघतात कुठं? अन् मोजणीत तरी दुसरं काय, नकाशेच काढायचे की. पगार घेऊन चित्रं काढ." तो हसला. चित्रकलेचा कागद त्यानं चार घड्या घालून खिशात ठेवला. माझ्या एका दुपारच्या बोलण्यावर त्यानं चाळीस वर्षांची नोकरी केली. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, आणि मी विसरू शकलो नाही.

त्याची पहिलीच स्वतंत्र मोजणी साखऱ्याकडच्या एका गावात होती. दोन सख्खे भाऊ आणि मधल्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद. हा सकाळच्या एसटीनं उतरला, थोरल्याचं घर रस्त्यावरच होतं. थोरल्याच्या बायकोनं पाणी दिलं, चहा दिला, यानं घेतला. दुपारपर्यंत मोजणीची साखळी ओढून, तिवईवरच्या फळीवर नकाशा ताडून त्यानं खुणा दाखवल्या. धुरा थोरल्याच्या बाजूनं निघाला. धाकटा शांतपणे म्हणाला, "चहा पिला तवाच मला समजलं, लाइन कुकडं जाईल ते." पुढं त्यानं तक्रार केली. वरचा अधिकारी येऊन फेरमोजणी झाली आणि खुणा तिथंच निघाल्या. दिगंबरवर ठपका आला नाही. पण फेरमोजणीच्या दिवशी त्या धाकट्या भावाची म्हातारी सासू याच्यासमोर येऊन म्हणाली, "लेकरा, तुझं माप बराबर असंल. पण तू आमच्या दारात न्हाई आलास."

त्या दिवसापासून त्यानं पक्षकाराच्या गावात पाणीसुद्धा घेतलं नाही. घरून डबा, घरून पाणी. मोजणी झाली की कागदांवर सह्या घ्यायच्या आणि शेतापासून लांब एखाद्या झाडाखाली एकट्यानं जेवायचं. आधी हे नोकरीपुरतं होतं. मग तालुक्यातून लग्नाच्या पत्रिका यायच्या, त्यांना जाणं त्यानं बंद केलं, कारण आज ज्याच्या पंगतीत बसायचं त्याचाच उद्या अर्ज येईल. मग बारशी, मग मयती. मी एकदा चिडून म्हणालो, "अरे, माणूस मेल्यावर कसली मोजणी?" तो म्हणाला, "माणूस मेल्यावरच तर वाटणी निघते, मास्तर."

लग्न झालं, मुलगा झाला. ओंकारच्या शिक्षणासाठी वहिनी नांदेडला राहिल्या आणि हा सेनगावात एका खोलीत. शनिवारी संध्याकाळी जायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. सुरुवातीला मी अधूनमधून त्या खोलीवर जायचो. एकदा त्यानं कॉटखालून जाड वही काढून दाखवली. प्रत्येक पानावर एक झाड पेन्सिलीनं काढलेलं आणि खाली गावाचं नाव. ज्या ज्या झाडाखाली तो जेवला होता, ती सगळी. माणूस एकाही पानावर नव्हता. मी म्हणालो, "फार चांगली आहेत रे. कुणाला दाखवत का नाहीस?" तो म्हणाला, "तुला दाखवली की."

आणि मग मीच त्याच्याशी वाईट वागलो. माझा आणि चुलतभाऊ भास्करचा केळीच्या वावराच्या धुऱ्यावरून वाद लागला होता. मी सेनगावला जाऊन दिगंबरला म्हणालो, मोजणीचा अर्ज टाकतो, तुझ्या ओळखीचा कुणी चांगला माणूस पाठव.

"मोजणी मागू नको," तो म्हणाला.

"काहून?"

"मागू नको म्हणतो ना. भास्करसोबत बसून बोल. धुरा हाय तिथं राहू दे."

मला वाटलं, हा आपला बडेजाव दाखवून राहिला. मित्राच्या एका कामाला याचा हात वर होत नाही... नाही ते बोललो. तुझ्या नोकरीनं तुझं रक्त गोठलं, असंही बोललो. तो दारापर्यंत आला, पण थांब म्हणाला नाही. मी अर्ज टाकला. दुसरा मोजणीदार आला, त्यानं खुणा दाखवल्या आणि खरी हद्द आमच्या वावरात चार हात आत निघाली. म्हणजे आमच्या वडिलांनी धुरा कधीतरी भास्करच्या वावरात सरकवलेला होता. तेवढं वावर गेलंच, भास्करचं बोलणंही गेलं. चूक माझी होती हे कळत होतं, म्हणूनच मी दिगंबरला तीन वर्षं फोन केला नाही. त्याच्या निवृत्तीच्या निरोप समारंभाचं बोलावणं आलं. त्यानं स्वतः फोन करून सांगितलं, "जमलं तर ये." मी शाळेचं कारण सांगितलं. समारंभ रविवारी होता, हे मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं. त्याला आधीच आलं असणार.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी तोच आमच्या घरी आला. न सांगता, हातात पिशवी घेऊन. बायकोनं चहा आणला तर सवयीनं म्हणाला, "नको वहिनी, आत्ताच झाला," आणि पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीकडे हात नेला. मग थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता प्यायला हरकत न्हाई, न्हाई का?" त्यानं तो चहा फार हळू प्यायला. मी माफी मागायला लागलो तर त्यानं विषयच बदलला. नंतर शेतात गेल्यावर मात्र स्वतःहून म्हणाला, "तुमचा धुरा आंब्यापाशी वाकतो. शाळेत असल्यापासून बघून राहिलो. जमिनीला तिथं वाकायचं काही कारण न्हवतं." मी विचारलं, मग तेव्हाच का सांगितलं नाहीस? "सांगितलं असतं तर तू म्हणला असतास, मोजणीत सांभाळून घे. मग मला परत न्हाई म्हणावं लागलं असतं. एकदा म्हणलो तेच तुला सोसलं न्हाई."

त्यानंतर आम्ही पुन्हा बोलायला लागलो, पण त्याचं एकटेपण माझ्यानं हलण्यासारखं राहिलं नव्हतं. नोकरी संपली तरी त्यानं सेनगावची खोली सोडली नाही. कागद आवरायचेत म्हणायचा. नांदेडला चार दिवस राहायचा आणि परतायचा. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "तिथं कुणी वाईट वागत न्हाई. उलट फार चांगले वागतात... पाहुण्याशी वागतात तसं." जुन्या गावांना जावं, आता तरी कुणाच्या ओसरीवर बसावं, असंही त्याच्या मनात आलं होतं. एकदा गेलाही. पण पारावरची माणसं त्याला बघून उठून उभी राहिली. एकानं विचारलं, "साहेब, कोणाची मोजणी निघाली?" कुणाचीच नाही, असंच आलोय, म्हणाला, तर कुणाला खरं वाटेना. हा आता कोणाच्या घरात शिरतो ते सगळे बघत राहिले. त्यानं मारुतीच्या देवळाच्या पायरीवर तासभर काढला आणि पहिल्या आलेल्या गाडीनं परत फिरला. हे सांगताना त्याचा आवाज जराही हलला नाही. एखाद्या गावचा रस्ता सांगावा तसं सांगत होता.

गेल्या आठवड्यात मी आणि ओंकार ती खोली रिकामी करायला गेलो. वहिनींना यायचं नव्हतं, मीही आग्रह केला नाही. ओंकार उंचीनं बापासारखा आहे, बोलायला मात्र मोकळा. कपडे बांधता बांधता तो म्हणाला, "काका, माझी निवड झालीय. मोजणीतच, भूकरमापक म्हणून. पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय." मी हातातला शर्ट तसाच धरून बसलो. तो सांगत होता, आता साखळी नसते, उपग्रहावरून माप येतं, अर्ध्या दिवसात काम होतं. "माणसं तीच असतात, ओंकार," एवढंच मी म्हणालो. हो किंवा नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

"बाबांना सांगितलं होतंस?"

"हो ना. ते जायच्या आदल्या आठवड्यात. ऐकून फोन ठेवला त्यांनी. मग दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. म्हणाले, बाटली स्टीलची घे. प्लास्टिकची उन्हात तापते, पाणी पिववत न्हाई." ओंकार हसला आणि मग हसता हसता थांबला. "मी म्हटलं, अजून काही? तर म्हणाले, न्हाई, एवढंच."

दुपारी मालकीणबाईंनी भाकरी आणि वांग्याची भाजी आणून दिली. फळीवर भांडी होती तीही मोजकीच. एक पातेलं, एक पेला, एक ताट. दुसरं ताट शोधायला मी उगाच कॉटखाली वाकलो. दारातून मालकीणबाई म्हणाल्या, "न्हाई सापडायचं. इतक्या वर्षांत एकच घासलं त्यांनी. माझ्याकडचं देऊ का?" ओंकार म्हणाला, "राहू द्या मावशी, होतं आमचं."

आम्ही फरशीवर समोरासमोर बसलो. त्यानं भाकरी मोडली आणि ताट माझ्याकडे सरकवलं. मी ते परत मधोमध केलं. मग दोघंही त्या एकाच ताटात जेवलो.