तिसऱ्या नंबरची बाई

टोकियोबाहेर, तोझाई मेट्रो लाईनवरच्या एका उपनगरात माझं पोळी-भाजीचं दुकान आहे. नवऱ्याच्या नोकरीमागे जपानला आले, तीन वर्षं डबे भरायच्या कारखान्यात पहाटेची पाळी केली आणि मग स्वतःचं शटर उघडलं. कुणाच्या मेहेरबानीने नाही. त्यामुळे माझ्या काउंटरवर काय ठेवायचं ते मी ठरवते.

गेल्या ऑक्टोबरात आमच्या बाजारपेठेच्या संघाने हॅलोविनसाठी स्टॅम्प रॅली काढली. आठवडाभर मुलांनी कागद घेऊन पाच दुकानं फिरायची, पाच शिक्के जमवायचे, दुकानांतल्या कार्डांवरून एक कोडं सोडवायचं, बक्षीस घ्यायचं. इथे कशाचीही स्टॅम्प रॅली निघते, तक्रार नाही. पण या वेळचा विषय होता व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये बायकांना मारत सुटलेला आणि कधीच न सापडलेला खुनी. प्रत्येक दुकानात एक मेलेली बाई. माझ्या वाट्याला तिसरी आली. कार्डावर उघडा खांदा, लाल ओठ आणि खाली ओळ : 'रात्री एकटी फिरणारी बाई. तिची चूक काय झाली?' खुन्याला मात्र उंच टोपी आणि झोकदार कोट.

"अगं, एक शिक्का तर आहे," नवरा म्हणाला. "त्यासाठी सगळ्या गल्लीशी भांडणार?"

"गल्लीशी नाही. अध्यक्षांशी."

"सत्तरीचे आहेत ते."

"मग झेपेल त्यांना. अनुभव आहे."

मी त्या बाईबद्दल शोधून वाचलं. ती स्वीडनहून आलेली, म्हणजे तिथे परदेशीच. मारली गेली त्या दिवशी तिने राहत्या लॉजमधल्या खोल्या साफ केल्या होत्या. कार्डावर यातलं अक्षरही नव्हतं. होती ती तिची चूक.

ही चूक मला चांगली ठाऊक आहे. कारखान्याच्या दिवसांत आम्ही दुसऱ्या गावी राहायचो. एकदा पहाटे एका माणसाने मला मागून ओढून सायकलवरून पाडलं. पोलीस चौकीत मला तीनदा विचारलं, या वेळी एकटी बाहेर का? तो कसा दिसत होता, हे एकदा. तो सापडला नाही. माझं उत्तर तेवढं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

अध्यक्षांचं चहापत्तीचं दुकान आहे. माझं ऐकून त्यांनी दातांमधून हवा आत ओढली. "ओकुसान, ते जरा कठीण आहे." ओकुसान म्हणजे कुणाची तरी बायको.

जपानी माणूस हे ऐकल्यावर वाकून नमस्कार करतो आणि घरी जातो, कारण हा नकार असतो. मी पुण्याच्या मंडईत वाढलेली. माझ्या लेखी तो पहिला भाव. मी खुर्ची ओढून बसले.

"आधी एक. मी ओकुसान नाही, दुकानाची मालकीण आहे. दुसरं, पाचही कार्डं बदला."

"ओळी बदलल्या तर मुलांना कोडं सुटणार नाही."

"अजून तरी कुठे सुटलंय? सव्वाशेच्या वर वर्षं झाली!"

ते हसले. मी हसले नाही. पाचावरून मी चारावर आले, तीनावर आले, तासाभराने ते म्हणाले, "तुमचं एक. बाकीच्या दुकानांना विचारावं लागेल." म्हणजे विचारणार नव्हते.

मी नवं कार्ड लिहिलं : 'ही परदेशातून आली होती. त्या दिवशी तिने खोल्या साफ केल्या. तिला कोणी मारलं, माहीत नाही.' इथल्या शाळेत शिकणाऱ्या माझ्या मुलीने जपानी तपासून दिलं. बहुतेक मुलं न वाचताच शिक्का मारून पळाली. एक आई मात्र म्हणाली, यात तर काहीच क्लू नाही.

एकावरच सौदा मिटवल्याचा राग मला झोपू देईना. रॅलीचे दोन दिवस उरले असताना मी दुसऱ्या नंबरच्या दुकानात, बेकरीत गेले. तिथेही तसाच खांदा, तशीच ओळ.

"ही काय काम करायची, माहीत आहे का?" मी बेकरीवाल्याला विचारलं.

त्याने ओशाळून नकारार्थी मान हलवली.

"विणकाम करायची. फुलं विकायची."

त्याने कार्ड उचलून पाहिलं, मग तो ते पुन्हा होतं तिथे ठेवायला लागला. मी त्याच्याकडे पेन मागितलं.