तरीही जाल का?

ल्युंगो बेटावर लोक रस्त्याकडेला बटाटे, मध, जामच्या बरण्या मांडून ठेवतात आणि शेजारी पत्र्याचा एक डबा. हवं ते उचलायचं, डब्यात पैसे टाकायचे. राखणीला कुणी बसत नाही. आस्टा ब्राम्सनच्या फाटकापुढच्या डब्यात एकतीस वर्षांत एक क्रोनरही कमी भरला नव्हता. या गोष्टीचा तिला जेवढा अभिमान होता, तेवढा पोटच्या पोरांचाही नव्हता.

तेवढीच वर्षं ती बोटीच्या तिकीटखिडकीत बसत आली होती. कोण कशाला पलीकडे निघालंय हे तिला विचारावं लागत नसे. कुणाचा दात, कुणाची कोर्टाची तारीख, कुणाची नात. सकाळच्या पहिल्या बोटीला व्हर्नर ठरलेला. वय ऐंशी, पाठीत वाकलेला, पण एक दिवस चुकवायचा नाही. त्याची बायको गेर्डा पलीकडच्या शुश्रूषागृहात होती. ती त्याला ओळखत नव्हती, पण त्याच्या हातूनच जेवायची. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की तोंड मिटून घ्यायची.

अशा गावात शहरातली चार मुलं आली. बिझनेस स्कूलच्या पदव्युत्तर वर्गात होती. धंद्याचे डावपेच ठरवायला अर्थशास्त्र कसं वापरायचं, हा त्यांचा विषय. बोट कंपनीने त्यांना भाड्याचा अभ्यास करायला दिला होता. पोरं गोड होती, सिग्रिद नावाची त्यांची म्होरकी तर फारच. रस्त्याकडेचे डबे पाहून ती हरखली, फोटो काढले. आस्टाने त्यांना वेलदोड्याचे पाव खाऊ घातले.

त्यांनी एक फॉर्म आणला होता. मुख्य प्रश्न एकच: भाडं दीडपट झालं, तरीही जाल का?

दोन दिवस कुणी फॉर्मला हात लावला नाही. मग आस्टानेच पुढाकार घेतला. घराघरांत फोन केले. ‘भरा की, शिकणारी पोरं आहेत, तुमचं काय जातंय?’ आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच, पण तिला तेव्हा काय ठाऊक.

व्हर्नर खिडकीशी फॉर्म घेऊन उभा राहिला. ‘काय लिहू गं?’

‘खरं असेल ते लिही. आणखी काय लिहायचं?’

त्याने लिहिलं, ‘हो. रोज.’

जानेवारीत त्या मुलांनी आपला अभ्यास वर्गापुढे मांडला आणि आस्टाला मुद्दाम बोलावलं. ती ठेवणीतला कोट घालून गेली. सिग्रिदने पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. पर्यटकांची रेघ आडवी पडलेली: भाडं जरा वाढलं की ते दुसरीकडे जातात. बेटावरच्यांची जवळजवळ ताठ उभी: भाडं कितीही वाढवा, ते जातातच. सबब हिवाळ्यात पर्यटकांना निम्म्या भाड्यात न्यावं आणि बेटावरच्यांचं भाडं दीडपट करावं. शेवटच्या पानावर आभार होते, त्यात पहिलं नाव आस्टाचं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला पर्याय आहे त्याला सवलत, आणि ज्याला नाही त्याच्या खिशात हात. अडला हरी गाढवाचे पाय धरी हे जगाला ठाऊक आहे. पण हरी किती अडलाय हे त्यालाच विचारून, त्याच्याच घरचे पाव खाऊन, त्यावर पदवी मिळवायची? टाळ्या चालू असतानाच ती उठली.

‘सिग्रिद, माझ्या माणसांनी हो लिहिलं. का लिहिलं, ते विचारलंस कुणाला?’

‘फॉर्ममध्ये तो प्रश्न नव्हता, आस्टा.’

‘मग घालायचा होता. जाल का म्हणे! जातो म्हणजे काय हौसेने जातो? एक म्हातारा बायकोला भरवायला जातो. तो न जाऊन करील काय?’

सिग्रिदचे कान लाल झाले. तिचे प्राध्यापक मोगेन्स मात्र खुशीत हसले. ‘फार चांगला मुद्दा आहे. गरज वेगळी, निवड वेगळी. सगळ्यांनी टिपून घ्या बरं.’

आणि सगळ्यांनी टिपून घेतलं. आस्टा भांडायला उभी राहिली होती, तिचं भांडण चाळीस वह्यांत गेलं. त्या गटाला पहिल्या प्रतीचे गुण मिळाले.

मार्चपासून नवं भाडं लागू झालं. ते मागायचं कुणी? आस्टानेच. लोक तिला ओरडले असते तर बरं झालं असतं. शेजारची कारेन खिडकीशी येऊन नुसतं म्हणाली, ‘तुमचं काय जातंय, असं तूच म्हणाली होतीस ना?’ आस्टाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दुसऱ्या दिवशी तिच्या फाटकापुढचे बटाटे तसेच राहिले, आणि तिसऱ्याही.

व्हर्नरने बोटीवरची कॉफी सोडली. मग वर्तमानपत्र बंद केलं. नोव्हेंबरात शेगडीचा खर्च वाचवायला घरातही टोपी घालून बसायला लागला. पण बोट एक दिवसही चुकवली नाही. म्हणजे सिग्रिदची रेघ अगदी बरोबर निघाली. टोपी काही त्या रेघेत दिसत नव्हती.

त्याच महिन्यात वर्गाची पुढची चार मुलं आली. तितकीच गोड, तोच फॉर्म, तोच प्रश्न. भाडं अजून वाढवायला वाव आहे असं कंपनीला वाटत होतं. या खेपेला आस्टाने पाव भाजले नाहीत. फोन मात्र सगळ्यांना केले. ‘“नाही” लिहा. प्रत्येकाने. विचार करायचा नाही, “नाही” लिहायचं.’

आणि ज्या बेटावर डब्याला कधी कुलूप लागलं नाही, तिथल्या माणसांनी एकामागून एक खोटं लिहिलं. पाद्रीबाईंनीसुद्धा. शिकवणारी आस्टाच, आणि त्याचा सगळ्यांत जास्त संतापही तिलाच होता.

व्हर्नर शेवटी आला. पेन हातात घेऊन त्याने प्रश्न पुन्हा वाचला.

‘पण मी तर जाणारच आहे, आस्टा.’

‘माहीत आहे मला. “नाही” लिही.’

त्याने पेन टेकवलं, परत उचललं. मग फॉर्म खिडकीतून आत सरकवला.

‘तू लिही. गेर्डाकडे जाणार नाही, असं माझ्या हातून नाही लिहवत.’

बोटीचा भोंगा वाजला. तो टोपी सावरत फळीवरून वर चढला. आस्टाने फॉर्म पुढे ओढला आणि त्याच्या नावासमोर आपल्या हाताने लिहिलं, ‘नाही.’